नौशेरा ते रजौरी : स्थापत्य विभागांच्या प्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य आणि स्थापत्य विभागांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

दर वर्षी १५ सप्टेंबरला तुमच्याकडे अभियंता दिन साजरा होतो. सर विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, दीपप्रज्वलन होतं, एखादा निवृत्त अभियंता चार शब्द बोलतो. असे चार शब्द मीही चार-पाच ठिकाणी बोललो आहे. विश्वेश्वरय्या आपले आहेतच. ते पुण्यात शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी नोकरी धरली आणि खडकवासल्याला १९०३ साली त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले. त्यांचा मान कमी करावा असं मला स्वप्नातही वाटणार नाही.

त्या तसबिरीशेजारी दुसरी एक तसबीर लावा, एवढं सांगायला हे पत्र लिहितो आहे. मेजर रामा राघोबा राणे, परमवीर चक्र, बॉम्बे इंजिनिअर्स (फौजेतली अभियंत्यांची शाखा; हेच बॉम्बे सॅपर्स). आणि नुसती तसबीर लावून थांबू नका. पाकिस्तानशी झालेल्या काश्मीरच्या पहिल्या लढाईत, एप्रिल १९४८ मध्ये, त्यांनी चार दिवसांत जो रस्ता उघडला, तो रस्ता दुसऱ्या वर्षाच्या मुलांना वर्गात, फळ्यावर, नकाशा लावून शिकवा.

मी बांधकाम विभागात चौतीस वर्षं काढली. शाखा अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून बाहेर पडलो. बहुतेक नोकरी घाटरस्त्यांवर झाली. मी फौजेत कधी नव्हतो. तरीही राण्यांचं परमवीर चक्राचं प्रशस्तिपत्र पहिल्यांदा सबंध वाचलं तेव्हा पहिल्या परिच्छेदातच ओळख पटली. ही भाषा मला पाठ होती. आपण साइटवर जी रोजनिशी लिहितो, तीच ही भाषा : तारीख, वेळ, मैलाचा दगड, अडथळा, काय केलं, किती वाजता संपलं.

राणे म्हटलं की शाळेतल्या भाषणात एकच गोष्ट येते. ते रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत पुढे गेले, दोरीनं चालकाला खुणा करत राहिले आणि सुरुंग काढत गेले. ती सांगूच नये असं मी म्हणणार नाही. ऐकताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण तेवढीच सांगितली की मुलांना वाटतं, शौर्य म्हणजे एक क्षण; अंगात वारं शिरलं, माणूस पुढे झाला, काम झालं. प्रत्यक्षात ते चार दिवसांचं काम होतं, आणि काम म्हणूनच ते समजून घेतलं पाहिजे.

आधी जागा डोळ्यांसमोर आणू. जम्मूहून अखनूरमार्गे पूंछकडे जाणाऱ्या वाटेवर नौशेरा लागतं, त्याच्या पुढे चिंगस आणि मग रजौरी. काश्मीरकडे जाणारी जुनी मोगल वाट हीच. चिंगसला मोगलांच्या काळातली सराई आहे, आणि परतीच्या प्रवासात मेलेल्या जहांगीराची आतडी इथं पुरली म्हणून गावाला हे नाव पडलं, असं तिथले लोक सांगतात. डोंगराच्या कुशीतून वळणं घेत जाणारा रस्ता, एका अंगाला उतार, खाली तवीचं पात्र, कडेनं चीडची, म्हणजे पाइनची, झाडं. आपल्याकडच्या घाटात नोकरी केलेल्या कुणालाही तो लगेच कळेल. एका बाजूला कटिंग, दुसऱ्या बाजूला भराव, आणि दर फर्लांगावर ओढ्याची मोरी. असा रस्ता अडवायला तोफा लागत नाहीत. एक मोरी उडवली, चार झाडं आडवी टाकली, खाली सुरुंग पेरले आणि समोरच्या टेकाडावर एक मशीनगन ठेवली, की अख्खी फौज खोळंबते.

रजौरी नोव्हेंबर १९४७ पासून हल्लेखोरांच्या हातात होती. तिथं अडकलेल्या लोकांचे जे हाल झाले ते इथं लिहीत नाही. मार्च १९४८ मध्ये आपल्या सैन्यानं झांगड परत घेतलं आणि एप्रिलमध्ये रजौरीकडे कूच ठरली. पायदळात ४ डोग्रा, सोबत सेंट्रल इंडिया हॉर्सचे रणगाडे, आणि वाट मोकळी करायला ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची एक तुकडी. त्या तुकडीचे अधिकारी सेकंड लेफ्टनंट राणे, वय २९. १५ डिसेंबर १९४७ ला त्यांना कमिशन मिळालं होतं. खांद्यावर तारा लागून चार महिनेही झाले नव्हते.

८ एप्रिल. सव्वीसाव्या मैलाच्या आसपास, सकाळी अकराची वेळ. तुकडी रणगाड्यांजवळ थांबली आहे, पुढचे सुरुंग काढायला निघायचं आहे. तेवढ्यात उखळी तोफांचा मारा सुरू होतो. तुकडीतले दोघे जागच्या जागी ठार होतात, पाच जखमी होतात आणि त्या पाचांत राणे स्वतः असतात. काम सुरू व्हायच्या आधीच ही अवस्था. उरलेल्या माणसांची नव्यानं जुळणी करून ते कामाला लागतात. दिवसभर गोळीबारात रणगाड्यांच्या जवळ राहतात. साडेचारच्या सुमारास डोग्रांनी बरवाली रिज ही डोंगरधार घेतली. आसपास शत्रू अजून आहे हे माहीत असताना राणे माणसं घेऊन पुढे जातात आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढायला घेतात. रात्री दहापर्यंत, शत्रूच्या नजरेसमोर.

९ एप्रिल. सकाळी सहाला पुन्हा तेच काम. दुपारी तीनला वळणरस्ता तयार. आता राणे सगळ्यात पुढच्या कॅरियरमध्ये, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या छोट्या चिलखती गाडीत, बसतात. अर्ध्या मैलावर झाडांचा अडसर. उतरायचं, स्फोटकं लावायची, झाडं उडवायची. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजलेले. पुढच्या वळणावर मोरी उडवलेली. तिथं हात घालण्याआधीच मशीनगन सुरू होते. तरी बाजूनं वाट काढून रणगाड्यांचा ताफा पुढे सरकतो. सव्वासहाला उजेड जाऊ लागतो आणि समोर येतात पाच मोठी चीडची झाडं, भोवती सुरुंग, वर मशीनगनचा पहारा. ते सुरुंग काढायला लागतातही. पण रणगाड्यांचे प्रमुख परिस्थिती पाहून थांबायचा निर्णय घेतात आणि ताफा रात्रीपुरता आडोशाला जातो.

विद्यार्थ्यांना इथं थांबवा, असं माझं सांगणं आहे. त्यांना विचारा : ती पाच झाडं आधीच्या झाडांसारखी एकदम का उडवली नाहीत? आधी सुरुंग का काढायला घेतले? उत्तर त्यांना स्वतः शोधू द्या. सुरुंगांसकट झाडं उडवली तर सुरुंगही उडतील, आणि डोंगराच्या कडेचा भराव त्यासोबत दरीत जाईल. झाड जाईल, रस्ताही जाईल. अडथळा दूर करायचा आणि रस्ता शाबूत ठेवायचा, या दोन गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवणारा माणूस अभियंता असतो. अंधार पडताना, आदल्या दिवसाची जखम अंगावर असताना आणि गोळ्या येत असताना राण्यांच्या हातून घडलं ते या क्रमानं घडलं.

सुरुंग काढणं म्हणजे काय, तेही मुलांना नीट सांगा. आपल्या मराठी मनात सुरुंग म्हटलं की चाकणचा किल्ला येतो. १६६० साली शाहिस्तेखानाच्या माणसांनी बुरुजाखाली भुयार खणून दारू ठासली, बुरूज उडाला, आणि तरीही फिरंगोजी नरसाळे खिंडारात उभे राहिले. तो सुरुंग एका ठिकाणचा, मोठ्या स्फोटाचा. विसाव्या शतकातला सुरुंग जेवणाच्या ताटाएवढा आणि वीतभर मातीखाली. त्याच्या वरच्या तबकडीवर वजन पडलं की तो उडतो. म्हणून संगीन मातीत सरळ खुपसायची नाही. तिरकी धरून हळूच टोचत जायचं, म्हणजे टोक सुरुंगाच्या कडेला लागतं, डोक्यावर पडत नाही. लागलं की बोटांनी माती बाजूला करायची. खाली दुसरा सापळा लावलेला आहे का ते चाचपायचं. मग स्फोटक कळ निकामी करायची. एक झाला, पुढचा. प्रत्येक सुरुंगाला तीच चिकाटी, तोच क्रम. घाई केली की संपलं. आणि मागे रणगाडे उभे असतात, ज्यांना घाई असते.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला राणे त्या पाच झाडांपाशी परत. साडेसहाला वाट मोकळी. पावणेदोन तास.

माझा एक अनुभव सांगतो, कारण त्याशिवाय या पावणेदोन तासांचं वजन मला स्वतःला कळलं नसतं. फोंडा घाटात एका जुलैत जांभळाचं एक जुनं झाड मुळासकट रस्त्यावर आलं, सोबत दोन-तीन ट्रक माती. रात्री अकराला फोन आला. बाराला मी तिथं होतो. जेसीबी होता, दोन करवती होत्या, मुकादम वीस वर्षांचा अनुभवी, मैलकुली सगळे घाटातलेच. पाऊस होता, गोळ्या नव्हत्या. झाडाखाली चिखल होता, सुरुंग नव्हते. एक बाजू मोकळी करून पहिली एसटी सोडली तेव्हा सकाळचे सात वाजून गेले होते. एका झाडाला सात तास. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली, आणि तेव्हा ते योग्यच होतं. पुढे कधीतरी हे प्रशस्तिपत्र वाचताना 'साडेसहा' या शब्दाशी आलो आणि बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

साडेसहानंतरचा पुढचा हजार यार्डांचा पट्टा म्हणजे अडथळ्यांची रांग आणि उडवलेले भराव. सबंध पट्ट्यावर मशीनगन. तो साडेदहाला मोकळा झाला. हिशेब करा : चार तासांत हजार यार्ड, म्हणजे ताशी सव्वादोनशे मीटरच्या वर. ढासळलेला भराव दुरुस्त करून त्यावरून तेरा-चौदा टनांचा रणगाडा नेण्याजोगी वाट करायला आपण अंदाजपत्रकात किती दिवस धरतो, ते तुम्हाला माहीत आहे.

आणि आता मी त्या भागाकडे येतो ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो.

साडेदहानंतर रणगाडे रस्ता सोडून तवीच्या पात्रात उतरले आणि पात्रातून पुढे निघाले. दुपारी दोनला ते चिंगसला पोचलेसुद्धा. म्हणजे ज्या कामासाठी राण्यांना पाठवलं होतं, ते काम साडेदहाला संपलं होतं. जखमी माणूस. तीन दिवस झोप जेमतेम. 'आता रणगाड्यांना माझी गरज नाही' असं म्हणून ते एखाद्या दगडाच्या आडोशाला पडले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं. राणे रस्त्यावरच राहिले. मागून येणाऱ्या गाड्यांसाठी रस्ता साफ करत राहिले. न जेवता, न थांबता, रात्री नऊपर्यंत. पहाटे पावणेपाच ते रात्री नऊ : सव्वासोळा तास.

का? कारण साखळीचा रणगाडा नदीच्या गोट्यांवरून जातो, चाकाची लॉरी जात नाही. लॉरीत दारूगोळा असतो, पेट्रोल असतं, रेशन असतं, आणि परतीच्या फेरीत जखमी असतात. रणगाडे चिंगसला पोचले, हे नकाशावर छान दिसतं. त्यांच्या मागे रस्ता नसेल तर ते तिथं अडकलेले रणगाडे आहेत. पुढचा माणूस पोचला म्हणजे रस्ता झाला असं नसतं. शेवटची गाडी जाते तेव्हा रस्ता होतो, हे आमच्या खात्यात पहिल्या वर्षीच्या ओव्हरसियरला मुकादम शिकवतो. राण्यांना ते कुणी हुकूम करून सांगण्याची गरज पडली नाही. प्रशस्तिपत्रातच नोंद आहे की रस्ता खुला होणं किती निकडीचं आहे हे ओळखून ते काम करत राहिले.

११ एप्रिल. सकाळी सहाला सुरुवात. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. आणि तरीही रात्री दहापर्यंत पुढचा रस्ता साफ करणं चालूच. १२ तारखेला आपलं सैन्य रजौरीत होतं.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. परमवीर चक्र २१ जून १९५० ला जाहीर झालं. १९४७-४८ च्या लढाईतल्या पाच परमवीरांपैकी हयात असलेले दोघंच, राणे आणि लान्स नाईक करम सिंग. ते पदक जिनं घडवलं ती सावित्रीबाई खानोलकर आपल्याच घरात आलेली सून, हेही जाता जाता मुलांना सांगा.

पण राण्यांकडे हे सगळं आलं कुठून? इथं शौर्यकथा नेहमी गप्प राहते, आणि इथंच तुमच्यासारख्या शिक्षकांचं काम सुरू होतं.

राण्यांकडे पदवी नव्हती. कारवारजवळच्या चेंडियाचा हा मुलगा, जन्म २६ जून १९१८, वडील पोलीस शिपाई. १० जुलै १९४० रोजी बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधा रंगरूट म्हणून भरती. प्रशिक्षणात आपल्या तुकडीतला सर्वोत्तम रंगरूट म्हणून कमांडंटची छडी मिळाली. मग नाईक. मग २६ व्या डिव्हिजनबरोबर आराकान.

आराकान म्हणजे ब्रह्मदेशाचा पश्चिम किनारा. ज्यांनी कोकणातला पाऊस पाहिला आहे त्यांनीही घाबरावं असा तिथला पाऊस, वर्षाला सुमारे २०० इंच. खाड्या, चिखलाची भातखाचरं, मध्ये मयू डोंगररांग. माँगडॉ आणि बुथिडाँग यांना जोडणारा रस्ता या रांगेतून जुन्या छोट्या रेल्वेच्या बोगद्यांमधून जायचा. डिसेंबर १९४२ मध्ये तिथं सुरू झालेली मोहीम फसली आणि मे १९४३ मध्ये आपल्या फौजा मागे आल्या. माघारीत सॅपर, म्हणजे फौजेतला अभियंता-सैनिक, शेवटी निघतो. बाकीचे निघून गेल्यावर मागे जे ठेवायचं नाही ते त्याला नष्ट करायचं असतं. बुथिडाँगजवळ असं काम करायला मागे ठेवलेल्या दोन सेक्शनांबरोबर राणे होते. काम झाल्यावर नौदलाची बोट येऊन त्यांना नेणार होती. काम झालं. बोट आली नाही. नदीवर जपानी गस्त. तरीही ती नदी त्यांनी गस्त चुकवत पार केली आणि माणसं घेऊन ते बावली बाजारला आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाले. त्यावर त्यांना हवालदार केलं, नंतर जमादार.

आता १९४३ आणि १९४८ शेजारी शेजारी ठेवा. बुथिडाँगला राण्यांनी काय केलं? शत्रूच्या हाती लागू नये म्हणून स्वतःच्या हातानं मोडलं, उडवलं. स्फोटकं कुठं ठेवली की काय तुटतं, पाठलाग करणाऱ्याचा वेळ कशानं जातो, हे त्यांनी माघार घेणाऱ्याच्या जागेवरून शिकून घेतलं. पाच वर्षांनी नौशेऱ्याच्या रस्त्यावर ते उलट्या बाजूला होते. समोरची झाडं, मोऱ्या, भराव कुणीतरी त्याच विद्येनं मोडले होते. ज्यानं स्वतः मोडलंय त्याला समोरच्यानं काय केलं असेल हे बघताच कळतं. माझी खात्री आहे की ९ तारखेच्या संध्याकाळी ती पाच झाडं दिसली तेव्हा राण्यांना ती पेरणाऱ्याचं डोकं वाचता आलं असणार. आराकानशिवाय रजौरीचा रस्ता समजत नाही. चार दिवसांमागे आठ वर्षं आहेत.

म्हणूनच मला 'रांगेतून वर आलेला' हा शब्द मोलाचा वाटतो. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार असं करत जो अधिकारी होतो, त्यानं फावडं स्वतः धरलेलं असतं. कोणत्या कामाला कोण माणूस, किती वेळ, कोण दमला आहे पण सांगत नाही, हे त्याला कागद न बघता कळतं. ८ तारखेला अकरा वाजता दोघे गेले आणि पाच जखमी झाले तेव्हा ती तुकडी मोडली नाही, याचं कारण मी इथं शोधतो.

दुसरं एक नाव याच्या शेजारी ठेवायचं आहे. लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्र सिंग भगत. तेही बॉम्बे सॅपर्सचेच, जन्मही १९१८ चाच, ऑक्टोबरचा. पण वाट वेगळी : डेहराडूनला शिक्षण, १९३९ ला थेट कमिशन. १९४१ च्या जानेवारीअखेर सुदान-अबिसीनिया (आजचा इथिओपिया) सरहद्दीवर गलाबातहून गोंदरच्या दिशेनं इटालियन फौज मागे हटत होती आणि मागे सुरुंग पेरत होती. सेकंड लेफ्टनंट भगत सगळ्यात पुढच्या कॅरियरमध्ये. चार दिवस, ५५ मैल, सुरुंगांची १५ क्षेत्रं. दोनदा त्यांची कॅरियर उडाली, सोबतची माणसं गेली. एकदा दबा धरलेल्यांनी घेरलं. कानाचा पडदा फाटला. बदली माणूस द्यायला वरिष्ठ तयार होते. रस्ता माझ्या ओळखीचा झाला आहे, आता मीच करतो, अशी त्यांची भूमिका. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं.

पुढची कॅरियर, चार दिवस, सुरुंग, जखम, आणि बदली न घेणं. एकजण उत्तर भारतातून अकादमीतून आलेला, एकजण कारवारच्या किनाऱ्यावरून रांगेतून वर चढलेला. सात वर्षांचं आणि एका समुद्राचं अंतर. दोघांनाही घडवलं ती जागा एकच : खडकी, बॉम्बे सॅपर्सचं केंद्र. पुण्यातल्या महाविद्यालयांतली निम्मी मुलं रोज त्या बाजूनं लोकलनं किंवा पीएमपीच्या बसनं जातात. झाडांमागे कुंपण दिसतं, आत काय आहे ते कुणी सांगत नाही. राण्यांचा शेवटही पुण्यातच झाला, ११ जुलै १९९४ ला, लष्करी रुग्णालयात. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले होते.

त्यांची आठवण ठेवली गेली नाही असं मी म्हणणार नाही. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं. एका तेलवाहू जहाजालाही त्यांचं नाव होतं. पुतळा, बेट, जहाज हे सगळं योग्यच झालं. मला हवा आहे तो धडा, आणि तो इतिहासाच्या तासाला देऊन टाकू नका. तो तुमच्या विभागाचा आहे.

म्हणून नेमकं काय करावं ते लिहितो. महामार्ग अभियांत्रिकी शिकवताना एक तास द्या. सर्वेक्षणाच्या प्रात्यक्षिकात नौशेरा ते चिंगस या पट्ट्याचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा मुलांपुढे ठेवा. प्रशस्तिपत्रातल्या वेळा फळ्यावर लिहा, जशा आहेत तशा, एकही विशेषण न घालता. मग प्रश्न द्या. मोरी तुटली आहे. वळणरस्ता डोंगराकडून काढाल की ओढ्याकडून, आणि का? रणगाड्याला किती उतार चालतो, लॉरीला किती? एवढ्या माणसांत आधी भराव घ्याल की झाडं? दोन माणसं गेली, पाच जखमी आहेत, आता गट कसा पाडाल? मुलं चुकतील, वाद घालतील, कुणीतरी म्हणेल हे अशक्य आहे. त्या मुलाला सांगा, ९ एप्रिलला दुपारी तीनला तयार होतं.

आणि त्या दोघांना विसरू नका, जे ८ तारखेला अकरा वाजता रणगाड्यांजवळ उभे होते. त्यांनी अजून एकही सुरुंग काढला नव्हता. प्रशस्तिपत्रात त्यांची नावं नाहीत, ते एका अधिकाऱ्याचं प्रशस्तिपत्र आहे म्हणून. पण त्यांच्यानंतर जे उरले, त्यांनी तीन रात्री आणि चार दिवस त्याच रस्त्यावर काढले आणि त्यांतल्या प्रत्येकानं संगीन तिरकी धरली. राण्यांचं नाव घ्याल तेव्हा 'राणे आणि त्यांची तुकडी' असं म्हणा. घाटात काम केलेला कुठलाही माणूस एकट्यानं रस्ता उघडल्याचं कधी सांगत नाही, आणि मला नाही वाटत राण्यांनीही सांगितलं असतं.

पुण्याच्या आसपास असलेल्या महाविद्यालयांनी खडकीच्या ग्रुपला रीतसर पत्र लिहावं आणि एखाद्या सॅपर अधिकाऱ्याला, किंवा त्याहून चांगलं म्हणजे एखाद्या निवृत्त सुभेदाराला, वर्गात बोलवावं. सुरुंग कसा शोधतात ते त्यानं हातानं दाखवावं. ज्यांना शक्य आहे त्यांनी अंतिम वर्षाच्या सहलीत तो रस्ता प्रत्यक्ष चालवून दाखवावा. मी गेलो होतो, निवृत्तीनंतर, मुलाबरोबर. आता तिथं राष्ट्रीय महामार्ग आहे, गाड्या भरधाव जातात. चिंगसच्या अलीकडे एका वळणावर मी गाडी थांबवायला सांगितली. डोंगराकडच्या बाजूला चीडची झाडं होती, खाली तवी, पलीकडचं टेकाड अगदी समोर. त्या टेकाडावरून रस्ता पूर्ण दिसतो, लपायला कुठंच जागा नाही. मुलानं विचारलं, 'बाबा, काय बघताय?' मी साईडपट्टीवर उभा राहून वळणाची त्रिज्या डोळ्यांनी मोजत होतो.

येत्या १५ सप्टेंबरच्या कार्यक्रमासाठी ज्या महाविद्यालयाला हा तास घ्यायचा असेल, तिथं मी स्वतःच्या खर्चानं येईन. नकाशा माझ्याकडे तयार आहे, वेळांचा तक्ताही मी मोठ्या अक्षरांत करून ठेवला आहे. हार आणि शाल नको. दोन तास आणि एक फळा द्या.

आपला,
बांधकाम विभागातला एक निवृत्त उपअभियंता